तीन भाषांतून जेवणारा बोका

'मांजर डोळे मिटून दूध पिते' असे आपण मराठीत म्हणतो. कन्नडातही तीच म्हण आहे, 'बेक्कु कण्णु मुच्चि हालु कुडिदंते'. आपल्या सीमाभागातल्या घरांत दोन्ही म्हणी एकाच स्वयंपाकघरात ऐकू येतात. आजी एकीतून बोलते, सून दुसरीतून. दोन्ही भाषांनी मांजराची आणि दुधाची गाठ इतकी घट्ट मारून ठेवली आहे, की मांजर घरात आले की बशी आली आणि बशी आली की दूध आलेच!

तेनाली रामकृष्णाची गोष्ट तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. विजयनगरात उंदीर फार झाले म्हणून कृष्णदेवरायाने घरोघरी एकेक मांजर वाटले आणि त्याला दूध कमी पडू नये म्हणून सोबत एकेक गायही दिली. सगळ्यांची मांजरे गलेलठ्ठ झाली. रामकृष्णाचे तेवढे हडकुळे राहिले, कारण त्याने पहिल्याच दिवशी कढत दुधाची बशी पुढे ठेवली आणि तोंड पोळलेले मांजर पुन्हा दुधाकडे फिरकलेच नाही. या गोष्टीत आपण रामकृष्णाच्या चतुराईला हसतो. (मांजराचे तोंड पोळणे हा काही हसण्याचा विषय नव्हे, पण ते असो.) उरलेल्या गावातल्या त्या गलेलठ्ठ मांजरांचे पुढे काय झाले, हे मात्र कोणीच विचारत नाही. आजचा लेख त्या मांजरांविषयी आहे.

ती मांजरे आता फ्लॅटमध्ये राहतात. खाली रस्त्यावर गाड्या, वर पाचवा मजला, खिडकीला जाळी. उंदीर नाही, कौलावरून उड्या नाहीत, शेजारच्या बोक्याशी मारामारी नाही. खाणे मात्र बारा महिने चोवीस तास. असाच एक बोका सुरतेत माझ्या धाकट्या बहिणीकडे आहे. त्याचे वजन उतरवण्याचा आठ महिन्यांचा उद्योग मी जवळून पाहिला, त्यातल्या हिशेबाचे काम तर माझ्याकडेच होते. आपल्या वाचकांपैकी बऱ्याच घरांत आता मांजरे आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून तो इथे सांगते.

घर तीन भाषांचे

सुरत म्हटले की आपल्याला आधी १६६४ साल आठवते आणि मग साड्या. पण सुरतेत मराठी माणूस आजही भरपूर आहे. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. माझी बहीण तापीपलीकडे अडाजण भागात राहते. तिचे यजमान धारवाडचे. पांडेसराच्या औद्योगिक वसाहतीत कापडाची रंगाई-छपाई करणाऱ्या एका मिलमध्ये ते नोकरीला आहेत. घरात भाऊजींची कन्नड, बहिणीची मराठी आणि भाचीची, शाळेत गेल्यापासून, गुजराती. वरच्या मजल्यावर एक जैन आजी राहतात, सगळी इमारत त्यांना 'बा' म्हणते. त्यांचा मुलगा महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात दलाली करतो. तो सकाळी जातो तो रात्रीच येतो.

बोका पाच वर्षांचा, शस्त्रक्रिया झालेला, पांढरा-करडा. भाऊजींनी त्याचे नाव ठेवले गुंडू. कन्नडात गुंडू म्हणजे गोल. नाव ठेवले तेव्हा तो मुठीएवढा होता, पुढे त्याने ते सार्थ केले.

या घरात गुंडूला दिवसातून किती वेळा जेवण मिळते, हे मी मे महिन्यात तिथे गेले तेव्हा एक दिवस नुसती बसून मोजले. सकाळी भाऊजी निघताना विचारत, "ऊटा आतेनो?" आणि चीजचा तुकडा टाकत. दुपारी बहीण "जेवलास का रे?" म्हणून वाडग्यात कोरडे खाणे ओतून ठेवी, संध्याकाळी दुधाची बशी लावी. चार वाजता गुंडू स्वतःच जिना चढून वर जाई. तिथे बा "जमी लीधुं?" असे विचारत आणि तूप लावलेली अर्धी रोटली त्याच्यापुढे ठेवत. तिन्ही भाषांत प्रश्न एकच, 'जेवलास का?' आणि त्याचे उत्तर 'हो' असे देणे काही बोक्याच्या स्वभावात नाही.

यात कोणाचे प्रेम खोटे नव्हते. आपल्याकडे माणसाची विचारपूस जेवणापासूनच सुरू होते, तीच रीत मांजरालाही लागू झाली होती. अडचण एवढीच, की तीन घासांची बेरीज करणारे कोणी नव्हते.

डॉक्टरांनी हात फिरवून पाहिले

गुंडूने आपली पाठ आणि शेपटीचा बुडखा चाटून साफ करणे सोडले होते. तिथले केस गुंतून त्यांची जटा होत होती. सोफ्यावर एका उडीत चढणारा बोका आता आधी पुढचे पाय टेकवून मग मागचे ओढून घेत असे. पाणीही जास्त पिऊ लागला होता. भाऊजींना स्वतःला 'सक्करे कायिले', म्हणजे आपला मधुमेह. जास्त पाणी पिण्याचा अर्थ त्यांना चटकन कळला आणि त्यांनीच डॉक्टरांकडे नेण्याचा आग्रह धरला.

काट्यावर वजन भरले ६ किलो ४०० ग्रॅम. पण डॉक्टरांनी काट्यापेक्षा हातावर जास्त भरवसा ठेवला. मांजराच्या अंगकाठीचे नऊ पायऱ्यांचे एक मोजमाप १९९७ साली प्रसिद्ध झाले, ते आता जगभर वापरतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ५ म्हणजे ठीक, ९ म्हणजे अति लठ्ठ. पाचाच्या वरची प्रत्येक पायरी म्हणजे सुमारे १० टक्के वजन जादा. गुंडू आठव्या पायरीवर होता. म्हणजे त्याचे योग्य वजन ५ किलोच्या आसपास हवे.

हे मोजमाप घरीही करता येते. आपला पंजा सरळ उपडा धरा आणि दुसऱ्या हाताची बोटे बोटांच्या पेरांवरून फिरवा. मांजराच्या फासळ्या अशा लागल्या तर वजन ठीक. मूठ वळून सांध्यांवरून हात फिरवल्यासारख्या टोचल्या तर मांजर फार रोड. तळहातावरून फिरवल्यासारखे नुसते मऊ लागले, फासळी सापडेचना, तर ते लठ्ठ. वरून पाहिले तर फासळ्यांच्या मागे कमरेचा किंचित बाक दिसला पाहिजे. मागच्या पायांपुढे पोटाखाली लोंबणारी कातडीची झोळी मात्र सडपातळ मांजरालाही असते. ती निसर्गाचीच देणगी आहे, तिला घाबरू नये.

रक्तातली साखर थोडी जास्त आली. बहिणीच्या डोळ्यांत पाणीच आले. पण डॉक्टरांनी सांगितले, की दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही वाढते. म्हणून त्यांनी मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या साखरेचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइन नावाची दुसरी तपासणी केली. ती मर्यादेच्या आत निघाली, पण अगदी काठावर. लठ्ठ मांजराला मधुमेहाचा धोका सडपातळ मांजराच्या सुमारे चौपट असतो. मधुमेह झाला की दिवसातून दोनदा इन्सुलिनचे इंजेक्शन. "अजून वेळ आहे," डॉक्टर म्हणाले, "पण फार नाही."

उपवासाचे नाव काढू नका

घरी आल्यावर सगळ्यांनी आपापली अक्कल चालवली. भाऊजी म्हणाले, "दर एकादशीला त्याला लंघन घालू." हे ऐकून बा संतापल्या. मुक्या जीवाला उपाशी ठेवायचे म्हणजे पाप, हे त्यांचे म्हणणे. गंमत म्हणजे बांनी स्वतः पर्युषणात आठ-आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढलेले. पण स्वतःच्या मनाने केलेला उपवास वेगळा आणि दुसऱ्याला घडवलेली उपासमार वेगळी, हा भेद त्यांना पक्का ठाऊक होता.

या वादात शास्त्र बांच्या बाजूचे निघाले. माणूस आठ दिवस उपाशी राहिला तरी त्याचे शरीर साठलेली चरबी जाळून भागवते. मांजराचे, विशेषतः लठ्ठ मांजराचे, तसे नाही. त्याने दोन-तीन दिवस खाल्ले नाही, की अंगातली चरबी लोंढ्यासारखी यकृताकडे धावते. यकृताला ती पेलवत नाही, पेशींत चरबी साठून ते काम थांबवू लागते. डोळे, हिरड्या पिवळ्या पडतात, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर मांजर दगावते. म्हणून मांजराला लंघन नाही, एकादशी नाही, 'भूक लागेल तेव्हा खाईल' हा हट्टही नाही. नवे खाणे दिल्यावर त्याने सबंध दिवस तोंड लावले नाही, तर जुने खाणे परत द्यावे आणि डॉक्टरांना फोन करावा.

वजन उतरायचे ते कासवाच्या चालीने. दर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, फार तर दोन. गुंडूच्या बाबतीत एक टक्का म्हणजे सुमारे ६० ग्रॅम. बांचा मुलगा हे ऐकून हसला. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि कॅरेटचा शंभरावा भाग तोलणारी ही माणसे. त्याने लगेच हिशेब केला, ६० ग्रॅम म्हणजे ३०० कॅरेट. "आठवड्याला तीनशे कॅरेट घटवायचे? आमच्याकडे तर एक कॅरेट घटला तरी रात्रीची झोप जाते!"

तीन घासांची बेरीज

मी निवृत्त शिक्षिका. तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवले. वही-पेन्सिल घेऊन मी आधीच्या खाण्याचा ताळेबंद मांडला. कोरडे खाणे ४० ग्रॅम, उष्मांक १५०. म्हशीचे दूध अर्धा कप, सुमारे १००. बांची तूप-रोटली, ८५. चीज २० ग्रॅम, ६०. एकूण ३९५.

आता गरज किती? त्यासाठी पशुवैद्यकात एक सूत्र आहे. मांजराचे योग्य वजन किलोत घ्यायचे, त्याचा ०.७५ वा घात काढायचा, त्याला ७० ने गुणायचे. आलेल्या संख्येच्या ८० टक्के उष्मांक, ही वजन उतरवण्याची सुरुवात. योग्य वजन ४ किलो असेल तर हे उत्तर सुमारे १५८ येते, साडेचार किलोला १७३ आणि ५ किलोला १८७. म्हणजे गुंडूच्या पोटात गरजेच्या दुपटीहून जास्त जात होते. आणि त्यातला कोणताही एक घास पाहिला तर वाटावे, एवढ्याशाने काय होणार! आपल्याला एक चमचा तूप म्हणजे काहीच नाही. पाच किलोच्या जीवाला त्याचे ४५ उष्मांक म्हणजे दिवसाच्या वाट्याचा जवळजवळ चौथा हिस्सा.

त्यात शस्त्रक्रिया झालेल्या मांजराची उष्मांकांची गरज साधारण पाव हिश्शाने कमी होते आणि भूक मात्र वाढते. शस्त्रक्रिया करू नये असा याचा अर्थ नव्हे, ती करावीच. पण त्यानंतर वाडगा लहान करावा लागतो.

डॉक्टरांनी लिहून दिलेला नवा आहार असा होता. वजन उतरवण्यासाठीचे कोरडे खाणे ३० ग्रॅम, म्हणजे १०८ उष्मांक. ओल्या खाण्याचे ८५ ग्रॅमचे एक पाकीट, ६८. आणि दिवसभरात बक्षीस म्हणून वाटायला त्याच कोरड्या खाण्याचे आणखी ३ ग्रॅम दाणे, ११. बेरीज १८७. जुन्यावरून नव्यावर एकदम उडी मारायची नाही, दोन आठवडे थोडे थोडे मिसळत जायचे. नेहमीचेच खाणे निम्मे करून का भागत नाही, असे मी विचारले. निम्म्या खाण्यात प्रथिने आणि जीवनसत्त्वेही निम्मीच जातात, मग चरबीसोबत स्नायूही झडतात. वजन उतरवण्याच्या खाण्यात उष्मांक कमी आणि बाकीचे पुरेसे असते, हा फरक.

दूध बंद झाले. अनेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. आपल्या दोन्ही म्हणी कितीही खऱ्या असोत, मांजराला पिण्यासाठी लागते ते पाणी.

तुपाला भुलतो, गोडाला नाही

'आमचा बोका श्रीखंड खातो, त्याला गोड फार आवडते,' असे कौतुकाने सांगणारे आपल्या ओळखीत कोणीतरी असतेच. खरे म्हणजे मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखणाऱ्या जिभेवरच्या ग्राहकाचा एक जनुक मांजराच्या कुळात बिघडलेला आहे, हे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिले. श्रीखंडातले, पेढ्यातले, सुरतेच्या घारीतले त्याला ओढते ते तूप आणि साय. भाऊजींना हे ऐकून वाईट वाटले. स्वतःला वर्ज्य असलेली घारी ते बोक्याला हौसेने भरवत. "म्हणजे याला तिची चवसुद्धा कळत नव्हती?" एवढेच ते म्हणाले.

दुसरा प्रश्न शाकाहाराचा. भाऊजींचे घराणे लिंगायत, वर बा जैन. आपल्या भागातही अशी घरे पुष्कळ आहेत, आणि 'आमचे मांजर दूध-भातावर वाढले' असे अभिमानाने सांगितले जाते. असे मांजर अंगणात, परसात हिंडणारे असेल तर उरलेली गरज ते उंदीर-पाली मारून भागवते, आपल्याला दिसत नाही इतकेच. बंद फ्लॅटमधल्या मांजराला ती सोय नाही. टॉरिन नावाचा घटक मांजराचे शरीर स्वतः पुरेसा बनवू शकत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळतो. त्याच्या कमतरतेने मांजराच्या डोळ्यांचा पडदा निकामी होतो हे १९७५ साली कळले, आणि हृदय पसरून दुबळे होते हे १९८७ साली. म्हणून बहिणीने तोडगा काढला. गुंडूचे खाणे बंद डब्यात, बाल्कनीतल्या कोपऱ्यात, त्याचा चमचा-वाडगा वेगळा, धुण्याची मोरी वेगळी. स्वयंपाकघराची शिस्त मोडली नाही आणि बोक्याच्या डोळ्यांचीही काळजी घेतली गेली.

बांचे चार वाजले

सगळ्यात अवघड भाग पुढेच होता. चारची तूप-रोटली बंद करा, हे बांना सांगायचे कोणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्यासारखेच ते काम.

सुरत हे प्राण्यांवर दया करण्याच्या बाबतीत जुने शहर आहे. जेम्स फोर्ब्ज हा इंग्रज अधिकारी अठराव्या शतकात इथे होता. त्याच्या आठवणींत सुरतेच्या वाण्यांनी चालवलेल्या जनावरांच्या रुग्णालयाचे वर्णन आहे. घोडे, बैल, माकडे, कबुतरे, एक फार म्हातारे कासव, इतकेच काय उंदीर-घुशींसाठीही तिथे सोय होती. त्याच शहराने १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची साथ पाहिली, लाखो लोक गाव सोडून गेले, आणि १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात शहर झाडून-पुसून स्वच्छ झाले. प्लेगच्या त्या दिवसांतही बा सुरतेतच होत्या. त्यांच्या लेखी प्राण्याला घास घालणे ही सवय नव्हती, धर्म होता.

शिवाय आणखी एक गोष्ट होती. मुलगा दिवसभर बाहेर, सून नोकरीला, नातू परगावी शिकायला. सकाळी देरासरातून आल्यापासून रात्रीपर्यंत बांच्या दारात नेमाने येणारा पाहुणा एकच, चार वाजताचा गुंडू. रोटली बंद केली तर गुंडू येणार नाही, अशी त्यांना भीती होती. तसे त्या बोलल्या मात्र नाहीत.

भाचीने सुचवले, की बक्षिसाचे ३ ग्रॅम दाणे बांच्या हातून द्यावेत. पण त्या दाण्यांत मासळी, बा हात लावणार नाहीत, आणि त्यांना तसा आग्रह करणेही बरे नव्हे. दोन दिवस हा प्रश्न तसाच राहिला. मग भाऊजींनी मिलमधून कापडाच्या छपाईतल्या चिंध्या आणल्या. बांनी त्यांतली हातभर लांब, चांगली रुंद पट्टी निवडली आणि जुन्या पतंगाच्या काटक्यांऐवजी एका वेताच्या छडीला ती पक्की शिवून टाकली. (सुतळी, दोरा, जर, मांजा असले काही मांजराच्या खेळण्याला बांधू नये. ते गिळले गेले तर आतडे कापते, शस्त्रक्रिया करावी लागते. खेळ झाला की पट्टीही कपाटात ठेवावी.)

पहिल्या दिवशी गुंडू वर गेला, रोटलीच्या जागेकडे पाहून ओरडला आणि परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बांनी पट्टी सोफ्यामागून सापासारखी सरकवली. गुंडूने कान टवकारले, मागचा भाग हलवला आणि झडप घातली. 'बेक्किगे चेल्लाट, इलिगे प्राणसंकट' म्हणतात, पण इथे संकटात कोणीच नव्हते. दोन मिनिटांत तो धापा टाकत आडवा झाला. आठवडाभरात दोनाची पाच मिनिटे झाली, महिन्याभरात दोन टप्प्यांत दहा. खेळ संपला की तो खाली येई आणि बहीण त्याला ओल्या खाण्याचा वाटा देई. पाठलाग, झडप, मग घास, हा मांजराचा मूळचा क्रमच आहे. रानात मांजर दिवसातून आठ-दहा वेळा छोटी छोटी शिकार करते, ताटभर एकदम जेवत नाही. म्हणून उरलेले दाणेही पाच वाट्यांत विभागले. काही पुठ्ठ्याच्या नळीला भोके पाडून तिच्यात घातले, काही खिडकीच्या कट्ट्यावर आणि कपाटावर ठेवले, म्हणजे चढल्याशिवाय मिळू नयेत.

पंधराएक दिवसांनी बा मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "आधी खाऊन लगेच जायचा. आता अर्धा तास बसतो."

भिंतीवरचा आलेख

जूनमध्ये मी बेळगावला परतले, पण वजनाचे आकडे दर पंधरा दिवसांनी फोनवर येत राहिले. भाचीने शीतकपाटावर आलेखाचा कागद चिकटवला. माणूस मांजराला घेऊन काट्यावर उभा राहतो आणि मग स्वतःचे वजन वजा करतो, ती रीत इथे चालत नाही. तिच्यात शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि आपण शोधत असतो पन्नास ग्रॅम. दवाखान्यातला एकच काटा, एकच वेळ, असा नेम ठेवला. आपल्याकडे जवळ दवाखाना नसेल तर रद्दीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटाही चालेल. बंद टोपलीत मांजर ठेवून तोलावे आणि टोपलीचे वजन वजा करावे.

पहिल्या आठ आठवड्यांत सुमारे ४४० ग्रॅम उतरले. मग तीन आठवडे आलेख सरळ आडवा. बहिणीचा धीर सुटू लागला. वजन घटले की शरीराची गरजही घटते, म्हणून असे थांबे येतातच. डॉक्टरांनी वाटा आणखी १० टक्क्यांनी कमी केला आणि गाडी पुन्हा हलली. ऑक्टोबरात कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत चांदणी पडवा असतो. सारे शहर घारी आणि भुसू खायला गच्चीवर, तापीकाठी जमते. त्या पंधरवड्यात वजन ८० ग्रॅमनी वाढले. कोणी काय भरवले, याची चौकशी भाचीने केली, पण सगळ्यांनीच छताकडे पाहिले. तिने आलेखावर त्या ठिकाणी एक चंद्र काढला आणि विषय संपवला.

उत्तरायणाच्या सुमारास, जानेवारीत, मी पुन्हा गेले तेव्हा काटा ५ किलो १०० ग्रॅम दाखवत होता. पस्तीस आठवड्यांत १३०० ग्रॅम, म्हणजे सरासरी आठवड्याला ३७. पाठ पुन्हा चकचकीत झाली होती, जटा नाहीशी झाली होती, कारण आता त्याचे तोंड शेपटीपर्यंत पोचत होते. साखरेची दुसरी तपासणी काठावरून बरीच आत आली होती. डॉक्टरांनी इथेच थांबायला सांगितले आणि वजन स्थिर राहील इतपत वाटा हळूहळू वाढवायला सांगितला. आलेख मात्र काढून टाकू नका, म्हणाले. उतरलेले वजन परत चढायला वेळ लागत नाही.

आपल्या घरी

टिळकवाडी-हिंदवाडीपासून हुबळी-धारवाडपर्यंत आता आपल्याकडेही अंगणे कमी आणि फ्लॅट जास्त झाले आहेत. मांजर घरात असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

महिन्यातून एकदा फासळ्यांवरून हात फिरवावा. वाडगा कायम भरलेला ठेवू नये, आणि खाणे वाटीने न मोजता ग्रॅमवर तोलावे. अवांतर खाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नये. घरचे चिकन किंवा मासळी द्यायची तर मीठ-मसाल्याशिवाय, नुसती उकडून. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात, म्हणून आपल्या ताटातला रस्सा कधीही देऊ नये. दोन मांजरे असतील तर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत खाऊ घालावे, नाहीतर लठ्ठ मांजर दोघांचे खाते. आणि कोणताही आहार सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे, कारण मूत्रपिंडाचा किंवा साखरेचा विकार असेल तर हिशेब बदलतो.

सगळ्यात महत्त्वाचे, घरातल्या आणि शेजारच्या सगळ्यांना एकत्र बसवून कोण काय घालते ते एका कागदावर लिहून काढावे. कोणाला दोष देण्यासाठी हे करायचे नाही. ज्याचा घास कमी कराल, त्याला त्याऐवजी मांजरासाठी करण्याजोगे दुसरे काहीतरी द्यावे. कोणाला खेळवायचे काम, कोणाला केस विंचरायचे, कोणाला वजन लिहून ठेवायचे. माणसांना मांजराजवळ बसायला निमित्त हवे असते, आणि आपल्या तिन्ही भाषांत आतापर्यंत ते निमित्त जेवणाचेच होते.

सुरतेत बा अजूनही चार वाजता गुंडूला "जमी लीधुं?" असेच विचारतात. फक्त आता त्यांच्या हातात छडी असते.